बत्तिसावं वाक्य

ताई,

तुला नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात परवापासून पाठ धरली आहे, का ते पुढे येईल.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की करते असं नुसतं भाऊजींना सांगतेस? भाऊजींना वेगळं पत्र लिहीत नाही, कारण माझं पत्र ते तुझ्याआधी वाचतात. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. माझा पाचवीचा वर्ग जाणार अशी चिन्हं आहेत. मोठ्या बाईंनी (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी) पुढच्या सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे. तो पटला नाही तर पाचवीचं इंग्रजी पीटीच्या सरांकडे. सर माणूस चांगला, पण त्यांचं इंग्रजी 'अटेन्शन'ला सुरू होतं आणि 'स्टँड अ‍ॅट ईज'ला संपतं.

झालं ते असं. गेले तीन आठवडे मी दहा-दहा वर्षांच्या चौतीस मुलांना 'हू' शिकवते आहे. प्रश्नातला 'हू' नव्हे, तो त्यांना येतो. 'जो' या अर्थाचा 'हू'. आपण म्हणतो, ज्या मुलाकडे लाल दप्तर आहे तो माझा मित्र आहे. मुलांनी त्याचं इंग्रजी केलं, 'हू बॉय हॅज रेड बॅग, दॅट बॉय इज माय फ्रेंड.' एकोणतीस जणांनी. एकमेकांचं बघूनही नव्हे, मी स्वतः बाकांमधून फिरत होते. मग मी सांगितलं की इंग्रजीत मुलगा आधी येतो, 'जो' त्याच्या मागून येतो आणि 'तो' येतच नाही. यावर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. (हिला आम्ही शिक्षक आपसात वकीलबाई म्हणतो.) "बाई, मग 'तो' कुठे गेला?" मी म्हटलं, गळाला. "का गळाला?" इंग्रजीत गळतो. "पण 'जो' आला की 'तो' यायलाच पाहिजे ना? नाहीतर 'जो' एकटा काय करणार?" त्या दिवशीच्या डायरीत माझी एकच ओळ आहे: तिचं म्हणणं पटलं, पण तसं तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने प्रत्येक 'हू'पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. 'धिस इज द मॅन हू? ड्राइव्ह्ज द बस.' एकाने तर खाली उत्तरही लिहिलं, 'माय अंकल.' आता रागवायचं कुणाला? 'हू' दिसला की प्रश्नचिन्ह, हे गेल्या वर्षी मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. तीन रात्री मी स्वतःला विचारलं की मी शिकवते आहे की मागचं शिकवलेलं पुसते आहे. चौथ्या रात्री एक युक्ती सुचली. (मला युक्ती सुचली की लहानपणी तू चप्पल घालून बाहेर निघून जायचीस. तुझं बरोबर होतं.)

युक्ती अशी. प्रत्येकाने शाळेतल्या एका माणसावर एक वाक्य लिहायचं, अमुक म्हणजे असा माणूस 'हू' तमुक करतो, अशा धर्तीवर. बरोबर आलेली वाक्यं पालकसभेच्या दिवशी व्हरांड्यातल्या फळ्यावर लागणार. आणि ताई, चौतीसपैकी एकतीस वाक्यं बरोबर आली. कुठे 'तो' नाही, प्रश्नचिन्ह नाही, 'हू' जिथल्या तिथे. मी इतकी हरखले की एकेका वाक्यावर हिरव्या शाईने ठसठशीत बरोबरची खूण करत गेले. वाक्यं वाचली का? वाचली. पण शिंपी शिवण बघतो तशी. कपडा कुणाच्या अंगावर आहे हे बघितलंच नाही.

'अवर क्लार्क इज द मॅन हू स्लीप्स व्हेन द बेल रिंग्ज.' 'पीटी सर इज द मॅन हू ईट्स अवर टिफिन अँड सेज ही इज टेस्टिंग.' आणि मधोमध, रंगीत कागदावर, 'द हेडमिस्ट्रेस इज द लेडी हू सेज टू मिनिट्स अँड कम्स आफ्टर वन आवर.' आता योगायोग बघ. मोठ्या बाई त्या दिवशी पालकांना "दोन मिनिटांत आले" सांगून गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा पालक तासभर व्हरांड्यात उभे होते आणि वाचायला दुसरं काही नव्हतं.

क्लार्कनी मला कोपऱ्यात घेतलं. "बाई, मला त्यातलं 'स्लीप' एवढंच कळलं. पुढे काय आहे?" मी म्हटलं, पुढे घंटा आहे. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि गेले. मोठ्या बाईंचं तसं झालं नाही. "ही खूण तुमची? म्हणजे हे बरोबर आहे?" मी म्हटलं, व्याकरण बरोबर आहे. "मी व्याकरण विचारत नाहीये." त्यांचं म्हणणं, सगळ्या खुणा खोडून फुल्या मारा आणि कागद मुलांना परत द्या. मी नाही म्हटलं. (मी. तोंडावर.) तीन आठवड्यांनी मुलांना एक वाक्य नीट जमलं, त्यावर फुली मारली तर उद्यापासून ती पुन्हा 'हू बॉय' लिहितील, आणि ते मग बरोबर धरायचं का? मजकूर आवडला नाही म्हणून मी आजवर कुणाचं वाक्य चूक दिलेलं नाही, असंही म्हटलं. "हेच लेखी द्या," त्या म्हणाल्या. "सोमवारी चौतीसच्या चौतीस कागद मी स्वतः बघणार. एक जरी तुमच्या या म्हणण्याच्या उलटं निघालं तरी वर्ग सरांकडे." मग मी स्टुलावर चढून कागद उतरवले, त्यात पाठ गेली.

खुलासा लिहून झाला आहे. पानभर आहे आणि माफी कुठेही नाही. वाचून मलाच माझा अभिमान वाटला, तेव्हाच शंका यायला हवी होती. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता.क. वर एकतीस वाक्यं बरोबर असं लिहिलं आहे. ती बत्तीस आहेत का, हे विचारायला खरं तर पत्र लिहिते आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघांची प्रश्नचिन्हं सुटली नव्हती. तिसरं वाक्य वकीलबाईचं, माझ्यावर. त्यावर मी फुली मारली आणि ते फळ्यावर लावलं नाही. "काय चुकलं, बाई?" तिने विचारलं. घरी जाऊन शोध, म्हटलं. दोन दिवस ती शोधते आहे. मीही.

आणखी ता.क. वाक्य असं: 'अवर इंग्लिश टीचर इज द लेडी हू सेज आस्क मी एनीथिंग अँड देन लुक्स अ‍ॅट द क्लॉक.' कचेरीत तू बत्तीस वर्षं साहेबांचे इंग्रजी मसुदे तपासलेस, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. यात एक चूक काढून दे. स्वल्पविरामाची असली तरी चालेल. रविवारपर्यंत तुझा फोन आला नाही, तर वाक्य बरोबर आहे असं समजेन आणि पीटीच्या सरांना 'हू' समजावून द्यायला बसेन.