लाल फाक

४ एप्रिल १९९८, नोएडा
शिरीषने घरखर्चाच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली. नवा फ्लॅट, नवा कॉम्प्युटर, आता हे नवं ज्ञान. संध्याकाळभर मला शेजारी बसवून गट पाडले. त्याचा पगार 'मुख्य उत्पन्न'. माझा, पहाडगंजच्या मराठी शाळेतला, 'इतर उत्पन्न'. रद्दीचे पैसेही त्यातच. विचारलं तर म्हणे, "पर्सनली घेऊ नकोस यार, सिस्टम आहे."

११ एप्रिल
भाजीवाल्याकडून पावती आणायची. कोथिंबिरीचीसुद्धा. ती तो फुकट देतो. स्वतःच्या सिगरेटी मात्र 'किरकोळ'मध्ये. आणि हा इंजिनिअर.

१९ एप्रिल, रवि.
शि.चे बॉस बायकोसह जेवायला. आधी त्यांना कॉम्प्युटरसमोर उभं करून खर्चाचा रंगीत गोल दाखवला. निळी फाक फ्लॅटचा हप्ता, हिरवी किराणा. लाल कसली, असं बॉसच्या बायकोने विचारलं.
"फादर. औषधं, पेपर, चष्मा, सगळं एकत्र ट्रॅक होतं."
नाना, माझे सासरे, पाण्याचा ट्रे घेऊन मागेच उभे. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात नोकरी केलेला माणूस. ट्रे हलला नाही. बॉस खाली बघायला लागले. शि.ला काही कळलं नाही. त्याने गोलाचा प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला. रंगीत.

२० एप्रिल
सकाळी नाना शि.ला म्हणाले, पेन्शन आता माझ्याकडेच राहील. मग शांतपणे, "कुठल्या गटात टाकत होतास ती?"
"मुख्य उत्पन्नात. माझ्या पगाराबरोबरच."
लाजसुद्धा वाटली नाही.

२७ एप्रिल
नाना गेले. शाळेमागच्या गल्लीत खोली घेतली, जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. मी रजा टाकून सामान लावून दिलं. शि.च्या मते हे इमोशनल ब्लॅकमेल, चार दिवसांत येतील परत. त्यांची खाट होती तिथे लगेच प्रिंटरचं टेबल सरकवलं.

९ मे
आले नाहीत. शि. फोनवर सगळ्यांना सांगतो, नानांना पहाडगंजलाच करमतं. आज 'फादर' गट पुसायला बसला. नोंदी असलेला गट पुसता येत नाही म्हणे, आधी त्या दुसरीकडे हलवा. "कुठे टाकू गं?" मी पोळ्या लाटत राहिले. शेवटी 'मेंटेनन्स'मध्ये टाकल्या. लिफ्ट आणि माळ्याच्या पगाराशेजारी.

१५ मे
उद्यापासून शाळेला सुट्टी. दुपारी नानांकडे. त्यांनी पोहे केले, मीठ जास्त. शि. विचारतो का, म्हणाले. नाही म्हटलं. त्याच्यासाठी खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आलाय.
उठून बशा विसळल्या. मग म्हणाले, "वरची खोली रिकामी झालीय. ओळखीचं कोणी असेल तर सांगा, म्हणाला घरमालक. मी अजून कोणाला सांगितलं नाही."
माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.
वर जाऊन आले, म्हणजे अजून वरच आहे. जमिनीवर बसून लिहितेय. खिडकी मोठी आहे, वारा येतो. नोएडाची शेवटची बस आठला, पावणेआठ झालेत. नानांनी खालून एकदा हाक मारली, चहा टाकू का म्हणून. टाका, म्हटलं.