‘पण’ न म्हणण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, गल्लीत जिला लहानथोर सगळे टाकेबाई म्हणतात ती, वय सत्तरीच्या पलीकडे, धंदा कपडे शिवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे. घरात बाटल्या बऱ्याच असल्यामुळे शुद्धीबद्दल पुढे कोणी शंका काढील, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी माझा श्वासही हुंगला. मी म्हटलं, “डॉक्टर, मी करते, पीत नाही.” ते म्हणाले, “सगळे असंच सांगतात.” माझ्या बाबतीत ते खरं आहे. चमच्याच्या टोकाला लागेल तेवढी चव घ्यायची, बस्स.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाक्य लागतंच, असं वकील म्हणाले.

१. तळमजल्यावरचं हे घर, शिवणाची पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागचा नळ धरून, माझं स्वतःचं आहे. यजमानांच्या माघारी मशीन चालवूनच मी ते राखलं. ते माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावं. मात्र तिने कलम पाच आधी वाचावं आणि मग किल्ली लावावी.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही मुलीचंच. जावयांना माझी जड इस्त्री द्यावी. ते स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करतात हे लग्नाआधी मी दाराआडून पाहिलं होतं. माझा होकार त्याच क्षणी झाला. मुलीला हे कारण आज प्रथमच कळतं आहे.

३. शिवणयंत्र शनिवारच्या शिवणवर्गाला द्यावं. दमट हवेत त्याचा पट्टा सैल पडतो, तो शिव्या न घालता घट्ट करावा. माझी मोठी कात्री धाकट्या भावजींना द्यावी. का, ते त्यांना ठाऊक आहे. एकदा मी चहा आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी त्या कात्रीने जाड पुठ्ठा कापला.

“भावजी! ती कापडाची आहे हो!”

“अहो वहिनी, पुठ्ठा म्हणजे काय, जाडं कापडच की!”

त्या दिवसापासून ती कात्री रेशीम कापत नाही, चावते. आता ती त्यांचीच. त्यांनी खुशाल जन्मभर पुठ्ठे कापावेत. माझा राग इथे संपला.

४. आता मुख्य मुद्दा. वकील म्हणाले, एवढं लांबण लावायची गरज नाही. मी म्हटलं, फी तुमची, मृत्युपत्र माझं.

विहीणबाई, म्हणजे जावयांच्या मातोश्री, तरणतलावावर पोहायला शिकवायच्या. खांदे अजून तसेच आहेत. संध्याकाळी त्या कॉकटेलचा शेकर हलवायला लागल्या, की कपाटातल्या कपबशा किणकिणतात. पितात एकच पेला, तोही लिंबाची चकती लावून, पाय वर घेऊन, कोणी महाराणी बसावी तशा. लग्नानंतरच्या त्यांच्या पहिल्या वाढदिवसाला काय द्यावं मला सुचेना. कपडे शिवावेत तर मापात चूक निघाली की जन्मभर ऐकून घ्यायचं. तेव्हा कोणीतरी सांगितलं, साध्या वोडकात फळाची साल मुरत ठेवली की तिला फार सुंदर स्वाद चढतो. म्हटलं, मुरवणं तर आपल्याला येतं! संत्र्याची साल घालून बरणी कपड्यांच्या कपाटात अंधारात ठेवली, आणि रंग उतरल्यावर दुकानातल्या कोऱ्या मलमलीतून गाळली.

विहीणबाईंनी घोट घेतला. डोळे मिटले.

“छान आहे,” म्हणाल्या, “पण विहीणबाई, याला खळ केलीये का हो?”

मलमल न धुता वापरली होती! कापडाची सगळी खळ बाटलीत उतरली होती. आयुष्य कापडात काढलेल्या बाईने ही चूक करावी! मी रडकुंडीला आले. त्या आधी हसल्या, मग मला हसवलं, आणि ती गढूळ बाटली ‘कडक इस्त्रीची’ म्हणून मजेत संपवली.

पुढल्या वाढदिवसाला मलमल खळखळून धुतली. “छान आहे, पण कडवट.” सालीचा पांढरा भाग खरवडून टाकायचा असतो, हे तेव्हा कळलं. मग आलं मुरवलं. “छान आहे, पण हे पिऊन मी पोहायचं की आग विझवायची?” मग कॉफीच्या बिया. “छान आहे, पण आता झोपायचं कधी?” दर वर्षी एक बाटली आणि दर वर्षी एक ‘पण’. मीही मग पण केला, की एक तरी बाटली अशी करीन, जिच्यावर या बाई नुसतं ‘छान आहे’ म्हणतील आणि तिथेच पूर्णविराम देतील.

तो पण अजून पुरा व्हायचा आहे. तरी माझ्या सगळ्या बरण्या, बाटल्या, गाळणी आणि नरसाळं विहीणबाईंना द्यावं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, अस्तरांच्या गठ्ठ्यामागे, आलुबुखारांची मोठी बरणी आहे. ती अजून मुरते आहे. माझं काहीही झालं तरी तिला घाई करू नये. रंग माणकासारखा गडद झाला आणि फळं म्हाताऱ्या गालांसारखी सुरकुतली की गाळावी. धुतलेली मलमल घडी करून वर ठेवली आहे. फळं पिळू नयेत, पिळली की गढूळ होतं. आपणहून ठिबकेल तेवढंच आपलं. साखरेचा पाक पूर्ण थंड करूनच घालावा आणि चाखत चाखत घालावा. गाळून उरलेली फळं जावयांनी ऑफिसला निघताना खाऊ नयेत. इथे नोकरीला होते तेव्हा एकदा खाल्ली आहेत, आणि त्या दिवशी ऑफिसात त्यांनी साहेबांना गाणं म्हणून दाखवलं.

५. शिवणाची पुढची खोली. विहीणबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. पोहून पोहून खांदे राहिले, गुडघे गेले. हल्ली जिन्याच्या पहिल्याच वळणावर भाजीची पिशवी खाली ठेवतात आणि तिच्याशीच बोलत बसतात. पावसाळा संपला की दूरच्या शहरात मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, कायमचं जायचं म्हणतात. लेक त्यांना हातावर झेलील यात शंका नाही. तरी परवा त्या म्हणाल्या, “तिकडे गेले की शेकर फडक्यात गुंडाळायचा आणि माळ्यावर टाकायचा.” हसतच म्हणाल्या. मला ते हसू आवडलं नाही. शेकर माळ्यावर गेला तर मी वर्षभर मुरवायचं कोणासाठी?

सबब, माझ्या पश्चात ही पुढची खोली विहीणबाईंनी हयातभर, भाडं न देता वापरावी. दारात पायरी एकच आहे. खिडकीत सकाळचं ऊन येतं. शेकर ठेवायला दोऱ्यांच्या रिळांचा खण रिकामा करून द्यावा. लेकीला फोनवर विचारलं आहे. ती म्हणाली, “आई, माझी हरकत कसली? त्यांना थांब म्हणायचंय ना, मग सरळ थांबा म्हण की!” तिला काय कळतंय! व्याह्यांत सरळ बोलायची पद्धत असती, तर मृत्युपत्र कशाला लागलं असतं?

अट एकच. खोली स्वीकारताना विहीणबाईंनी ‘पण’ हा शब्द उच्चारू नये. उच्चारल्यास खोलीचा हक्क धाकट्या भावजींकडे जाईल, कात्रीसकट.

पुरवणी. एवढं लिहून झालं आणि सह्यांची वेळ आली. साक्षीला मी विहीणबाईंनाही बोलावलं होतं. वकील म्हणाले, “ज्यांना यातून काही मिळणार आहे, त्यांची साक्ष चालत नाही.”

“मला काय मिळणार आहे?” म्हणत विहीणबाईंनी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला.

झालं! कात्रीपाशी त्या मोठ्याने हसल्या. खळीपाशी डोळ्यांना पदर लावून हसल्या. कलम पाच मात्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

“छान आहे,” म्हणाल्या.

मी सहीसाठी पेन उचललं.

“पण...”

“अहो विहीणबाई, खोली गेली!” मी ओरडले.

“जाऊ दे गेली तर! अगं, तू मेल्यावर त्या खोलीत बसून मी खोड कुणाची काढू? भिंतीची? द्यायचीच आहे तर आत्ता दे की बाई!”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. साक्षीला आलेल्या बेकरीवाल्या वहिनींनी मला पाणी दिलं. वकिलांनाही दिलं.

तेव्हा दुरुस्ती अशी. कलम पाचमधले ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडले असून तिथे ‘येत्या रविवारपासून’ असं वाचावं. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, त्यात येता रविवार बसत नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहा, कायदा सैल करून बसवू. अट मागे घेतली आहे. हा एक ‘पण’ मला मंजूर आहे. आलुबुखारांची बरणी आम्ही दोघी मिळून गाळू. भावजींनी खोलीची आशा सोडावी, कात्री मिळेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून आणि एकदा नाक शिंकरून मान्य केला आहे.

सही: टाकेबाई
साक्षीदार: १. समोरचे चष्मेवाले (सही) २. बेकरीवाल्या वहिनी (सही)
स्थळ: शिवणाची पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ११ जून २०२६, गुरुवार

समासात, पेन्सिलीने, विहीणबाईंच्या अक्षरात: आलुबुखार कपाटातून काढून चमचाभर चाखलं. छान आहे.