वन्सं, चिंगी आणि नवाब यांच्या कायम मुक्कामाबाबत

मी, मालनबाई, कै. नामदेवराव घोगरे यांची पत्नी, राहणार हिमायतनगर, हैदराबाद, शिवणाचे वर्ग चालवून पोट भरणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. नजर अशी की सुईत दोरा अजून मीच ओवते. कुणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे.

कलम पहिले. हे घर मी शिवणाच्या कमाईतून घेतले. त्यात सासरच्या कुणाचा छदाम नाही. माझ्या पश्चात ते माझ्या नणंद गंगूबाई, म्हणजे वन्सं, यांना मिळावे. दीर हिम्मतराव यांना मिळू नये. का, ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोर्टात 'म्हातारीला भ्रम झाला होता' असे कुणी म्हणायला नको.

वन्संना नवऱ्याने टाकले, तेव्हापासून त्या हिम्मतरावांकडे होत्या. गेल्या नोव्हेंबरात आपल्या राज्याचे तुकडे झाले, कचेऱ्यांत बदल्या निघाल्या आणि हिम्मतराव बायकामुलांसह औरंगाबादेला गेले. जाताना वन्संना आणि त्यांच्या चिंगी मांजरीला माझ्या दारात उतरवले. "थोडे दिवस, वहिनी," म्हणाले. माझ्याकडे आधीच नवाब होता. बोका कसला, जहागीरदारच तो! झाले, घराचा आखाडा झाला. केसांचे पुंजके अंगणभर, आणि सोडवायला गेलेल्या वन्संचा हात कोपरापर्यंत ओरबाडलेला.

संक्रांतीला हिम्मतराव आले आणि निकाल देऊन मोकळे झाले. "एका घरात दोन मांजरं नांदत नसतात, वहिनी. पाडव्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर मांजर नामपल्ली स्टेशनावर सोडतो अन् ताईला गावाकडं चुलत्यांकडं ठेवतो. तुम्ही तरी एकट्या इथं काय करता? घर विका, आमच्याकडं चला." आता कळले पोटात काय होते ते! वन्सं एवढेच म्हणाल्या, "वहिनी, चिंगी जिथं, तिथं मी." मला रडू आले आणि संतापही आला. चुलत्यांच्या घरी त्यांना गोठ्यातच झोपावे लागले असते.

मग मी लक्ष ठेवून बसले. मारामारी सगळ्यांना दिसते, तिच्या आधीचे कुणी बघत नाही. नवाब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवा पडून नुसता टक लावायचा. आम्ही म्हणायचो, किती गरीब! अहो, ती नाकेबंदी होती. चिंगीला ताटलीपर्यंत जाताच येत नसे. मी दोघांच्या ताटल्या वेगळ्या खोल्यांत मांडल्या, वाळूची घमेली दोन केली, चिंगीला उंच चढून बसायला फळी ठोकून घेतली. बराच फरक पडला. पण शुक्रवार आला की पुन्हा तेच.

शुक्रवारी वन्सं न्हायच्या. मग निखाऱ्यांवर ऊद टाकून वर बुट्टी पालथी घालायच्या आणि तिच्यावर केस पसरून वाळवायच्या, इथल्या बायका वाळवतात तसे, आणि चिंगी मांडीवर. एकदा नवाबाने माझ्या डोळ्यांदेखत तिच्या अंगाला नाक लावले आणि फिस्कारला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मांजराची ओळख वासाची. उदाने घमघमणारी चिंगी त्याला दर शुक्रवारी नवी, परकी, घरात घुसलेली!

हे हिम्मतरावांना कळवले, तर निरोप आला की ऊद बंद करा, टाकलेल्या बाईला कशाला हवीत ही थेरं? वा रे वा! पुढच्या शुक्रवारी मीही न्हाले, वन्संशेजारी केस सोडून बसले आणि नवाबाला मांडीवर घेतले. एकाच धुरात आम्ही चौघे. एकच फडके दोन्ही मांजरांच्या अंगावरून फिरवले. नवाब शिंकला, चिंगीला हुंगले आणि पाय ताणून झोपला. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. पुढे हाच क्रम ठेवला. विधवेने केसांना ऊद घ्यावा का, असे शेजारच्या इंदुताईंनी विचारले. इंदुताईंना या मृत्युपत्रात काहीही नाही.

पाडव्याला हिम्मतराव पोते घेऊन हजर. दोन्ही मांजरे ओट्यावर एकमेकांना चाटत बसलेली! पोते खाली टाकून म्हणाले, "हौ, जमलं की!" आणि चहा मागितला. जिंकले मी! चहा वन्संनी केला, मी केला नाही.

कलम दुसरे. शिवणाचे मशीन आणि कात्र्या माझी विद्यार्थिनी पद्मावती हिला. तिचे काज माझ्यापेक्षा सुबक असतात. पोस्टातली शिल्लक वन्संना. मांजरांच्या दुधामासळीचा खर्च त्यातच धरावा.

कलम तिसरे. हिम्मतरावांना माझ्या यजमानांचे मनगटी घड्याळ. भाऊजींवरचा राग गेलेला नाही, पण भावाची वस्तू भावाकडे असावी.

कलम चौथे. शुक्रवारचा क्रम माझ्या मागे मोडू नये. एका मांडीवर दोन्ही मांजरे मावली नाहीत तर पद्मावतीला बोलवावे.

कलम शेवटचे. वन्संना हे घर राखण्याचा, विकण्याचा आणि न पटणाऱ्या कुणालाही दाराबाहेर काढण्याचा पूर्ण अधिकार राहील.

ठिकाण : हिमायतनगर, हैदराबाद
दिनांक : ९ जून १९५७, रविवार

सही : मालनबाई नामदेवराव घोगरे

साक्षीदार :
१. अंबाजी मोरे, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. हिम्मतराव घोगरे, दीर. माझ्यासमोर सही झाली. शेवटच्या कलमातल्या 'कुणालाही'मध्ये मीही आलो, हे वहिनींनी ताईसमोर मला समजावून सांगितले. मान्य.