काळ्या कुर्तीच्या बाह्या

२ एप्रिल, बुध.
ऊन. दुपारपर्यंत दुकानात माशी नाही. मालकीण नंदाकाकूने बाहेरच्या पुतळ्याचे कपडे बदलायला लावले. बदलताना त्याचा एक हात निघाला. तसाच ठेवला. लाखनीत कोण पाहते.

चारच्या सुमारास प्रा. (नाव पूर्ण लिहीत नाही) आली. आईसोबत.

माझ्या वर्गातली. मी कॉलेज सोडल्यापासून पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली, पुलाखालून स्कूटीवर जाताना, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. ते पाहणं धरत नाही.

मी शिडीवर होतो. तिनं वर पाहिलं.
"दादा, रोजच्या कुर्त्या दाखवा."
दादा.
दाखवल्या.

पुण्यात नोकरी लागली तिला. वीस तारखेला निघणार. हे तिच्या आईनं काकूला सांगितलं, मी घड्या मोडता मोडता ऐकलं. होस्टेलात अर्धं कपाट मिळते म्हणे. कपडे थोडेच पाहिजेत, पण सगळीकडे चालणारे. ऑफिसला, बाजारात, रविवारी मैत्रिणीकडे. इस्त्रीची कटकट नको.
आईला सेट हवे होते. प्रा. म्हणे, "आई, सेटमधलं एक फाटलं का बाकीचे दोन पेटीत बसतात. सुटं सुटं घेऊ."
काकू खूश. तिचं नेहमीचं सुरू झालं, "बराबर बोलली पोरगी. खालचं मुकं ठेव, वरचं बोलू दे."

काळा पलाझो, निळी जीन्स, बदामी पॅन्ट, असे साधे रंग खाली मांडले. वर कुर्त्या सरकवत गेलो, पत्त्यांसारख्या. राणी रंगाची फक्त पलाझोवरच बसत होती, ती काढून टाकली. मेंदी रंगाची तिन्हीवर जाते. पांढरी पण. आई म्हणाली, "पांढरी चौदा तारखेलेही होईल, जयंतीले." काळी मीच काढली. कोणी मागितली नव्हती.
एकही कुर्ती एकाच पॅन्टीसाठी अडून बसली नाही. चांगलं जमलं.
काम चांगलं झालं की बरं वाटायला पाहिजे. नाही वाटलं. भूकही नव्हती.

३ एप्रिल, गुरु.
ते कपडे पसंतीला न्यायचे आहेत. घरी घालून पाहतील, ठेवायचे ते ठेवतील, बाकीचे परत. तिची आई परवा न्यायला येणार.

यातल्या तीन कुर्त्या बिनबाह्यांच्या. कंपनी बाह्या शिवत नाही, कापून आत टाचून देते. पाहिजे त्यानं लावून घ्यावं. काकू म्हणाली, "जसं हाय तसं दे."

कॉलेजच्या गॅदरिंगलाही तिनं बिनबाह्यांचंच घातलं होतं. एकानं मागून काहीतरी म्हटलं. मी त्याचा दात पाडला. प्राचार्यांनी तिच्या बाबांना बोलावलं. माझ्या बाबाला नाही, तिच्या. मी दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. ती जात राहिली. भंडाऱ्याच्या स्टँडवर एकदाच बोलली, "तुले कोनं सांगितलं होतं?"
त्यानंतर थेट कालचं दादा.

४ एप्रिल, शुक्र.
तिन्ही कुर्त्या दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या मोरेश्वरभाऊ शिंप्याकडे नेल्या. बाह्या लावा म्हटलं.
"गिऱ्हाइकानं सांगितलं का?"
"हो."
लागल्या. भाऊची शिलाई एक नंबर. वाटतच नाही नंतर लावल्या म्हणून.

५ एप्रिल, शनि.
सकाळीच काकूची बोलणी खाल्ली. एक जोडपं आलं होतं, साकोलीकडचं. बाईला निळी कुर्ती आवडली. नवरा म्हणे, "हे नाही, याले बाह्या नाहीत." बाई ठेवून देत होती. माझी सटकली. "घालनार त्या हायेत का तुम्ही?"
तो म्हणे, "तू कोन बे?"
मी काउंटरच्या बाहेर. काकू मध्ये. गिऱ्हाईक गेलं.
मागे नेऊन काकू म्हणाली, "लोकाच्या बायकोसाठी लय मोठं तोंड हाय तुयं. आनखी एकदा असं झालं तं धानाच्या बांधीत जा आपल्या बापासंगं."
निळी कुर्ती घडी करून ठेवली.
दुपारी प्रा.ची आई पिशवी घेऊन गेली. "येतो बाबू," म्हणाली. मी कोण हे त्या माऊलीला माहीत नाही वाटते.

६ एप्रिल, रवि.
काही नाही. झोपलो. उठलो. बाबा विचारत होता, परीक्षेचा फॉर्म भरतो का. पुन्हा झोपलो.

७ एप्रिल, सोम.
आली. एकटी. दुपट्टा तोंडावरून सोडला नाही, हातात ते उन्हाचे लांब मोजे. फक्त डोळे. पिशवी काउंटरवर आपटली.
"बाह्या लावायले कोनं सांगितलं?"
मोरेश्वरभाऊ ओट्यावरूनच म्हणाला, "मले तं या बाबूनं सांगितलं."
"मले वाटलं..." मी.
"तुले वाटते. तवाही तुलेच वाटलं होतं. मले काय वाटते, हे इचारलं का कधी?"
तिनं पिशवी माझ्याकडे ढकलली.
"काढून दे. तिन्हीच्या. उद्या नेतो मी."
गेली. आज दादा म्हणाली नाही.

भाऊला म्हटलं, काढून द्या. तो म्हणे, "मी नाही काढत. माया हातची शिलाई हाय. तुले लावाव्या वाटल्या, तूच उसव."
ब्लेड घेऊन बसलो. एकेक टाका. हळू नाही केलं तर कापड ओढलं जाते. दोरे पॅन्टीला चिकटले, नाकात गेले. उसवल्यावर बगलेजवळ सुईची भोकं राहतात, रांगेत. पाणी शिंपडून नखानं चोळली, मग इस्त्री. मेंदीवरची मिटली. पांढऱ्यावरची मिटली. काळीवर दिसतात, उजेडात धरली तर.
राग कोणावर काढायचा ते ठरवत होतो. ठरलं नाही. मग राग पण गेला. काहीच उरलं नाही, एक उसवणं.

८ एप्रिल, मंगळ.
आली. आत जाऊन काळी घालून पाहिली, पलाझोवर. आरशासमोर उभी राहिली. हात वर केले, खाली केले. भोकं दिसली असतील.
काकूला विचारलं, "कशी दिसते?"
काकू अशी अवलादी, मुद्दाम माझ्याकडे वळून म्हणे, "तू सांग ना रे."
तोंडात आलं होतं ते निराळं होतं. म्हटलं, "निळ्या जीन्सवरही जाईल."
ती आरशातूनच म्हणाली, "हो. जाईल."
सगळंच घेतलं, काही परत केलं नाही. पिशवी मीच भरली. बाह्या टाकायच्या राहिल्या. रीत अशी की कुर्तीसोबत द्यायच्या, गिऱ्हाइकाच्या असतात त्या. स्कूटी सुरू झाल्याचं ऐकलं तेव्हा बाह्या समोरच पडल्या होत्या. हाक मारली नाही.

१४ एप्रिल, सोम.
दुपारनंतर दुकान बंद. रस्त्यानं मिरवणूक. शटरपाशी उभा होतो. पांढऱ्या कपड्यांची गर्दी, त्यात आमची कुर्ती ओळखली, बदामी पॅन्टीवर. हात उघडे. आईचा हात धरून नाचत होती, आई लाजत होती. शेजारी उभे दोन पोट्टे तिकडे पाहून काहीतरी बोलले, हसले. काय बोलले ऐकू आलं नाही, डीजे होता.
ऐकू आलं असतं तर...
कुलूप हातात होतं. ते लावलं.

२० एप्रिल, रवि.
गेली असेल.

२१ एप्रिल, सोम.
गेली. काकूने सांगितलं. कपाळावर घाम, हातात चहा, म्हणे, "तुयी गिऱ्हाईक गेली ना बाप्पा पुन्याले. जीन्स न् मेंदी कुर्ती घालून बसली बसमंदी." बरं म्हटलं. नवीन लेगिंगचा गठ्ठा फोडायचा होता.

२८ एप्रिल, सोम.
काकूने ड्रॉवर साफ केला. "ह्या बाह्या कोनाच्या? फेक." मेंदी आणि पांढऱ्या मोरेश्वरभाऊला दिल्या, ठिगळाला होतील. काळ्या राहू दिल्या.

९ मे, शुक्र.
लाइन गेलेली. काकू जेवायला घरी. फोन वाजला, पाहिला नाही. मग पाहिला.
प्रा.
स्टँडवरच्या त्या दिवसानंतरचा पहिला मेसेज.
"काळीच्या बाह्या ठेवल्या का फेकल्या? लावायच्या आहेत."

ऑफिसात ए.सी. असते. थंडी वाजत असेल. किंवा ती भोकं टोचत असतील. किंवा कोणी...
कानशिलं तापली. किती दिवसांनी. लिहिलं, "काहून? कोन काय बोललं? नाव सांग." अंगठा बटनावर होता. खोडलं. पुन्हा लिहिलं, नुसतं "कोन?" तेही खोडलं.
पाठवलं, "आहेत."
दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

लाइन आल्यावर बाह्यांना इस्त्री केली. दोरे वेचले. कागदात घडी करून ठेवल्या. पत्ता मागितला नाही. तिला वाटलं तर पाठवेल.