तुटलेला दम

अण्णा, आज मी एका पोरीवर हात उगारला. मारलं नाही, पण तिने खाली घातलेली मान परत वर केली नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्यासारखीच मीही गावातल्या पोरींना कबड्डी शिकवते.

भातकापणी झाली की तुम्ही आपल्या खाचरातली धसकटं खणून काढायचात, पाणी मारून जमीन चोपायचात. खोपोलीच्या कारखान्यातून आलात की चहासुद्धा न घेता शिट्टी. या बांधापासून त्या बांधापर्यंत एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत पळायचं. तुम्ही पलीकडच्या बांधावर पाठ करून उभे, आणि माझा श्वास जरासा आत गेला की तिथूनच ओरडताय, "तुटला गं! माघारी जा!" आई चिडायची, "पोरीचे पाय बघा, सोलून निघालेत. लगीन करायचं हाय का नाय तिचं?" तुम्ही म्हणायचात, "पाय भरतील." मग माझ्याकडे वळून, "दम तुटला तर आपला हात आपणच वर करायचा. पंचाला फसवशील, छातीला कशी फसवशील?" हे मी माझ्या पोरींना रोज ऐकवते. मेलं तेच नडलं.

आज कर्जतला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. माझी ही पोर कातकरवाडीची, चार वर्षं एक दिवस चुकली नाही. शेवटच्या चढाईत दोघींना बाद करून परत येत होती, रेषा हातभर राहिली होती. तिचा दम तुटलेला पंचांना ऐकूही आला नाही, पण ही मधेच थांबली, हात वर केला आणि सरळ बाहेर. निवड गेली. मी सगळ्यांसमोर हात उगारून तिच्या अंगावर धावले, "कोणी सांगितलं होतं गं तुला शहाणपण करायला?"

"तुमीच की, ताई," ती म्हणाली.

अण्णा, माझ्या निवडीच्या दिवशीही असंच झालं होतं. रेषेजवळ माझा दम तुटला. मी हळूच श्वास घेतला आणि तशीच 'कबड्डी, कबड्डी' म्हणत रेषा ओलांडली. त्या निवडीवर पुढे शाळेतली नोकरी लागली. तुम्ही पेढे वाटत सांगत सुटलात, "माझ्या पोरीचा दम बघा!" मला लाज वाटत होती, तरी मी पेढा खाल्ला. तुम्हाला ऐकू गेलं नसेल, अशी समजूत घालून मी इतकी वर्षं काढली. पण खाचराच्या पल्याडून ऐकणारा माणूस त्या दिवशी रेषेला लागून उभा होता. ऐकलं होतंत ना? मग बोलला का नाहीत?

हे खरं तर त्या पोरीला सांगायला हवं. तिची वाडी इथून दहा मिनिटांवर आहे. ती तोंडावर विचारेल, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.