बिनआवाजाची खेळणी

मदिनत सुलतान काबूस, मस्कत
९ जानेवारी २०१६

चि. कॅरल हिस,
जय ख्रिस्त. अ. आ. आशीर्वाद द्यायची आज इच्छा नाही, पण आईला या कामातून रिटायरमेंट नसते.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू नुसतं 'सगळं छान' म्हणतेस, म्हणून मीच तुला पत्रं लिहायला लावते. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटण्याची शक्यता असते. तर तुझ्या नवऱ्याने कारखान्यातून वर्षाची रजा काढली, सोहारचं कंपनीचं घर सोडलं आणि ओमान सोडून मायदेशी निघालेल्या कुणा जर्मन कुटुंबाची जुनी मोटरहोम घेतली. आता त्या चाकांवरच्या डब्यात दोन मुलांना घेऊन तुम्ही देश पाहणार. वर्षभराची रजा देणारा कारखाना मी तरी ऐकलेला नाही. तुझ्या डॅडींच्या मत्रहच्या हॉटेलात नाताळची रजासुद्धा चिठ्ठ्या टाकून मिळते. आठ वर्षांची ॲश्लिन आणि पाच वर्षांचा जोवेल यांची शाळा मध्येच सोडवलीस, हे तू पत्राच्या शेवटी 'ता. क.' म्हणून लिहिलंस. सव्वीस वर्षं केजी शिकवलेल्या बाईला, ता. क. मध्ये.

आणि मला विचारलंस काय, तर गाडीत राहणाऱ्या मुलांना खेळणी कोणती घ्यावीत. अटी तुझ्याच. आवाज करणारी नकोत, बॅटरीची नकोत, जागा खाणारी नकोत. एवढ्या अटी मी तुझ्या लग्नाच्या वेळी घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऐक आता. प्रत्येक मुलाला बुटांचा एक खोका, आणि झाकण लागलंच पाहिजे. गोल काही नको, ब्रेक दाबला की ते ड्रायव्हरच्या पायाखाली जाणार. एकच काम करणारं खेळणं नको. जी बाहुली फक्त रडते तिचा मुलांना दोन दिवसांत कंटाळा येतो, तिसऱ्या दिवशी ती तुला रडवते. तो एबीसीडी गाणारा प्लास्टिकचा लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाक, शक्यतो ज्याच्यावर तुझा राग आहे त्याला. मी कापडावर सापशिडी शिवली आहे, सोंगट्यांच्या जागी बटणं. सोबत पाच चपटे सागरगोटे, पत्त्यांचा जोड आणि बोटांत गुंफून खेळायची सुती दोरी.

पत्र तू सांगितल्याप्रमाणे कुरियातच्या त्या मुस्तफाच्या किराणा दुकानाच्या पोस्टपेटीवर पाठवते. पार्सल मात्र मसाल्याच्या पोत्यांत पडू देणार नाही. ते नेहमीसारखं रायनच्या कंपनीच्या पेटीवर. या देशात पोस्टमन दारात येत नाही, तेव्हा माणसाची कंपनी हाच त्याचा पत्ता. रजेवर असला तरी पेटी बघायला जाईलच.

माझा राग आहे तसा राहू दे, तू लोभ कमी करू नकोस.
मम्मी


कुरियात, समुद्राकाठी
२२ जानेवारी २०१६

ती. मम्मीस,
सा. न. आणि आमचा चौघांचा जय ख्रिस्त.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. मुलं हसली, रायन उठून टायरची हवा बघायला गेला. आम्ही मजेत आहोत. सकाळी दार उघडलं की समुद्र. जोवेलला कोळ्यांनी एक छोटी ढोमी मासळी दिली, तिला तो पाळणार होता. मी ती तळली, तेव्हापासून तो माझ्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोलतो.

खेळण्यांचं तुझं खरं निघालं. मेणाचे खडू पुढच्या काचेपाशी ठेवले होते. दुपारपर्यंत वितळून सगळीकडे पसरले, आता आमचा डॅशबोर्ड चर्चच्या रंगीत खिडकीसारखा दिसतो. ठोकळ्यांचा मनोरा पहिल्याच वळणावर जोवेलच्या डोक्यात आला. गोट्यांविषयी विचारू नकोस. गाणारा लॅपटॉप मुस्तफाच्या मुलीला दिला. माझा त्याच्यावर राग नव्हता, आता त्याचा माझ्यावर असेल.

पार्सल कंपनीच्या पेटीवर टाकलं नसशील तर टाकू नकोस गं. रजेत तिकडे जाणं होत नाही. मुस्तफाकडेच पाठव, तो मसाल्यांपासून लांब ठेवेल.

आणखी एक. सकाळी साडेसातपासून दीडपर्यंत मुलं आतच रमतील, बाहेर पडायला मागणार नाहीत, असं काही सुचव. आणि रायन फोनवर असला की पाऊण तास अजिबात आवाज होऊ नये, त्यासाठी काही वेगळं. तू वर्गात चाळीस मुलांना गप्प कसं बसवत होतीस ते तरी लिही.

माया असू दे, रागासकट चालेल.
कॅरल


मदिनत सुलतान काबूस
६ फेब्रुवारी २०१६

कॅरल,
जय ख्रिस्त. चि. आणि अ. आ. तूच मनातून घाल.

पार्सल परत आलं. तुझं पत्र पोचण्याआधीच मी ते टाकलं होतं. पुठ्ठ्यावर लाल शाईने, अरबीत आणि इंग्रजीत, लिहिलं आहे की ही व्यक्ती डिसेंबरपासून कंपनीत नाही. पोस्टाच्या काउंटरवरचा शरीफ मला वीस वर्षं ओळखतो. माझ्या हातात पार्सल देताना त्याने मान वर केली नाही. म्हणजे माझ्या जावयाची नोकरी गेली हे पोस्टाला ठाऊक, मला नाही.

घरी येऊन मी तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवली. मूल काय मागतं त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं, हे मी नव्या टीचरना शिकवत असे. तू काय मागितलंस? बॅटरीची खेळणी नकोत, कारण सेल चार्ज करायला लागणारी गाडीतली वीज रायनच्या फोनसाठी राखायची. आवाज नको, कारण फोनवर इंटरव्ह्यू चालतात आणि पलीकडच्या साहेबाला मुलं ऐकू जाता कामा नयेत. साडेसात ते दीड मुलांनी आतच बसायचं, कारण ती शाळेची वेळ आहे आणि किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, आज कसली सुट्टी. चुकले असेन तर कळव.

मी खेळण्यांची यादी देत बसले आणि तू माझ्याकडून पोरांना लपवायचं सामान मागत होतीस. पुढचंही सांगते. मे महिन्यात तो पत्र्याचा डबा तव्यासारखा तापेल. तेव्हा कोणतं खेळणं पाठवू? माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. शाळा चालत दहा मिनिटांवर. एप्रिलच्या वर्गांची यादी दहा मार्चला बंद होते. मुलांना घेऊन ये. माझ्यापासून लपवायला मी आहे तरी कोण, पोलीस?

चाळीस मुलांना मी कधीच गप्प बसवलं नाही. एखादं गप्प बसलं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत असे.

लोभाचं नंतर बघू.
मम्मी


कुरियात
१४ फेब्रुवारी २०१६

ती. मम्मीस,
सा. न.

सगळं बरोबर ओळखलंस, पैकीच्या पैकी मार्क घे. कारखान्याचा एक विभाग बंद झाला, महिन्याभरात घर रिकामं करायला लावलं. व्हिसाची मुदत एप्रिलअखेरपर्यंत. तोवर नवी नोकरी लागली तर ठीक, नाहीतर खलास, फायनल एक्झिट, देशच सोडायचा.

तू विचारलंस, तू कोण आहेस. सांगते. दहा वर्षांपूर्वी रायन व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आला आणि सात आठवडे तुझ्याकडे राहिला. एका शुक्रवारी फरिदा टीचर आणि डॅडींच्या हॉटेलातले ओमप्रकाश अंकल जेवायला होते. रायनने तिसऱ्या भाकरीला हात घातला आणि तू सगळ्यांसमोर हसत म्हणालीस, "भाकऱ्या मी कमावणाऱ्यांची डोकी मोजून भाजते." पाहुणेही हसले. रायनने हात मागे घेतला. त्यानंतर तुझ्या घरी त्याने कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं नाही. तू लोकांना सांगतेस, जावई खाण्यात मोजका आहे.

तो म्हणतो, वाळूत झोपेन, पण नोकरी नसताना त्या टेबलावर पुन्हा बसणार नाही. आणि मी मुलांना त्याच्याशिवाय आणणार नाही. पप्पा का नाही आले, असं जोवेलने विचारलं तर उत्तर कोण देणार, तू? मला रोज पडदे ओढून घेताना राग येतो, मम्मी. तुझा येतो, त्याचा येतो. मी तुझीच मुलगी आहे.

सापशिडी पाठव. तिचा आवाज होत नाही.

लोभ आहे, म्हणून तर एवढं लिहिलं.
कॅरल


मदिनत सुलतान काबूस
२८ फेब्रुवारी २०१६

श्री. रायन यांस,
जय ख्रिस्त. स. न. वि. वि.

दहा वर्षांत तुम्हाला हे माझं पहिलं पत्र. आजवर 'रायनला सांग' एवढ्यावर भागवलं.

ते वाक्य मला आठवत नव्हतं. आधी वाटलं, कॅरलने मीठमसाला लावला असेल. फरिदाला विचारलं तर तिला शब्दन्‌शब्द पाठ. ऐकणाऱ्या सगळ्यांना दहा वर्षं आठवतंय आणि बोलणारीला नाही, याचा मला जो संताप आला तो काढायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांचा नियम होता. कुणाचा अपमान केला तर माफी कानात मागायची नाही. ज्या मुलींसमोर बोललात त्याच मुलींसमोर उभं राहायचं, आधी ते वाक्य जसंच्या तसं म्हणायचं, मग माफी मागायची. हा नियम मी वर्गात सव्वीस वर्षं चालवला आणि घरात एकदाही नाही. परवा शुक्रवारी फरिदाला जेवायला बोलावलं. ओमप्रकाश कायमचे जोधपूरला गेले, त्यांना फोन लावून तो टेबलावर ठेवला. कॅरलचे डॅडी, कॉस्मास, होतेच. मी उभी राहिले, ते वाक्य म्हटलं, आणि म्हटलं की हे बोलणारी बाई उद्धट होती, ती रायनची माफी मागते. ओमप्रकाश म्हणाले की त्या दिवशी त्यांनीही पुढची भाकरी घेतली नव्हती. म्हणजे एका वाक्यात मी दोन माणसं उपाशी उठवली होती.

पण तुम्ही तिथे नव्हता, तेव्हा ही माफी अर्धीच झाली. उरलेली अर्धी तुम्ही समोर बसल्याशिवाय मागता येत नाही.

आता माझा तुमच्यावरचा राग. माझी जीभ वाईट आहे, मान्य. तिची शिक्षा तुम्ही मला द्यायची होती. तुम्ही ती मुलांना दिलीत, साडेसात ते दीड, पडदे लावून. मी कितीही चांगली खेळणी शिवली तरी ती कोंडलेल्या मुलांची खेळणी आहेत, यापुढे एकही शिवणार नाही. शाळेचा फॉर्म सोबत आहे. वडिलांच्या सहीशिवाय तो घेत नाहीत. तुमची गाडी आमच्या इमारतीमागच्या मैदानात उभी राहते, मी पावलांनी मोजून आले.

लोभ ठेवा असं लिहिण्याचा हक्क मला नाही. सही तेवढी करा.
लुसी


कुरियात
५ मार्च २०१६

ती. मम्मी यांस,
सा. न.

सही केली. मंगळवारी आठ तारखेला कॅरलला आणि मुलांना घेऊन येतो. आता सकाळी बाहेर खेळलात तरी चालेल, असं काल मुलांना सांगितलं. ॲश्लिन लगेच धावत गेली. जोवेल दारातच उभा राहिला आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं मला विचारू लागला. त्या प्रश्नामुळे येतो आहे, माफीमुळे नाही. तरी माफी पोचली.

माझा राग गेलेला नाही. तुमची पद्धत मला पसंत आहे, तेव्हा तोही मी त्याच लोकांसमोर बोलेन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. नोकरी अजून नाही. सोहारला एक इंटरव्ह्यू झाला, उत्तर आलेलं नाही. म्हणजे तेव्हा आलो होतो तसाच येतो आहे, बिनकमाईचा.

मुलं तुमच्या त्या रिकाम्या खोलीत झोपतील. मी गाडीतच झोपेन, जेवायला वर येईन. शुक्रवारी फरिदा टीचरना बोलवा, जोधपूरला फोन लावा. मला पाच भाकऱ्या लागतात, तेव्हाही लागत होत्या. लोभ असेल तर पीठ जास्त मळा.

रायन