भिंतीवरची साठ माणसं

प्रिय शहाणे,

तुझं पत्र मिळालं. मी चौथी पास, तेही मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून, तेव्हा अक्षर लागलं नाही तर मोठ्यानं वाच, लागेल. तू दोन गोष्टी लिहिल्यास. एक, तुझ्या ऑफिसला त्या मंदीच्या सालावर अहवाल करायचाय, तर सरकारनं काढलेल्या नदीकाठच्या भिंतीच्या कामामुळं लोकांना खरंच रोजगार मिळाला का, ते मी सांगावं, कारण त्या कामावर मुकादम मी होतो. दुसरी गोष्ट, अंथरुणाला खिळलेल्या बापाला बघायला तू येणार नाहीस. पहिलीला दोन पानं, दुसरीला दीड ओळ. बरं. मी सगळं एकदमच सांगतो, तुकडे पाडत बसायला मला वेळ नाही.

पंपाचा कारखाना बंद पडला तेव्हा तू नववीत होतीस. दोनशे माणूस एका दिवसात घरी. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, सोळा वर्षं लेथवर उभा राहिलेला. कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही हा वेळेवर डबा घेऊन निघाला, फाटकासमोर तासभर थांबला आणि तोच डबा घरी आणून खाल्ला. मग घरात बसून सगळ्या डब्यांची झाकणं घासून घासून घट्ट बसवली. तुझी आई माझ्याकडं आली, म्हणाली, दादा, ह्यांना कुठंतरी गुंतवा हो, साखरेचा डबा उघडायला मला शेजारणीला बोलवावं लागतंय. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

तेवढ्यात भिंतीचं काम निघालं. मशीन लावलं असतं तर खोदाई पंधरा दिवसांत उरकली असती. पण इंजिनियर साहेब म्हणाले, मशीन नाही, माणसं लावायची, काम त्यासाठीच काढलंय. मला हसू आलं. मी आयुष्यभर कमी माणसांत काम कसं उरकेल ते बघत आलो, आणि इथं उलटं. साठ माणसं घेतली. त्यात शिंपी होता, सिनेमाची तिकिटं फाडणारा होता, एक तर बँडमध्ये बाजा वाजवणारा, त्याला कुदळ कुठून धरायची ते माहीत नव्हतं. पहिल्या आठवड्यात निम्म्यांच्या हाताला फोड. पण आठवड्याच्या शेवटी माणसं मान वर करून घरी जायची, हे मी बघितलंय. चहावालीनं दुसरी शेगडी मांडली आणि हाताखाली बहिणीला घेतलं. हे तुझ्या अहवालात येतं का, माहीत नाही.

आणि उलटंही लिही, मी काही सरकारचा जावई नाही. माझे चार चांगले गवंडी तेव्हा एका दवाखान्याच्या बांधकामावर होते. मी त्यांना तिथून उचलून भिंतीवर आणलं, कारण इथं काम खात्रीचं. कागदावर चार रोजगार वाढले. त्यांना कधी मंदीची झळच लागली नव्हती, आणि तो दवाखाना बिनछपराचा दोन वर्षं तसाच उभा राहिला. तेव्हा रोजगार मिळाला की इकडचा तिकडं गेला, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तुझ्या बापाला मी आधी मातीच्या कामावर घातलं. महिनाभरानं सहज दगड बसवायला दिला, तर असा बसवला की मधे पोस्टकार्ड जाईना. साहेबांनी विचारलं, आधी काय करायचात? म्हणाला, लेथवर होतो. साहेब म्हणाले, मग हे जड नाही का जात? तर म्हणे, लोखंडापुढं दगड म्हणजे लोणी, साहेब. सगळी गँग हसली. कारखाना बंद झाल्यापासून तो पहिल्यांदा काही बोलला होता.

पुढं नदीच्या वळणावर पाया खणताना पाणी लागलं. उपसायला पंप हवे. आमच्या भिंतीला हवे होते तसे वरच्या-खालच्या दोन-तीन कामांनाही हवे होते. साहेबांनी मागणी लावली आणि त्या मागणीवर बंद कारखान्याचं एक दार उघडलं. एकच पाळी, बारा माणसं. कारखान्याचा फोरमन पंपाच्या ट्रकवर बसून स्वतः आला. तेव्हा तुझ्या दोन पानांचं उत्तर हे घे. साठ जणांना सात महिने काम, आणि बारा जणांना कायमचं. ते बारा अजून तिथं आहेत, कारखाना पुढं वाढला. सरकारचा पैसा फुकट गेला असं मी तरी म्हणणार नाही.

आता तुला माहीत आहे ते. त्या बारांत तुझ्या बापाचं नाव होतं आणि तो वेळेवर गेला नाही. त्याची जागा दुसऱ्याला दिली. भिंत संपली, साठही घरी गेले, आणि हा जो बसला तो बसलाच. तुझी आई हॉस्पिटलच्या चादरी धुवायला लागली आणि त्या सोड्याच्या वाफेत तिची छाती कामातून गेली. लोक म्हणाले, बोलावणं आलं तरी उठला नाही, अंगात आळस भरला. तूही तेच म्हणतेस.

ते बोलावणं फोरमननं माझ्या हातात दिलं होतं. तुझा बाप त्या दिवशी खाणीवर दगड निवडायला गेलेला. फोरमन म्हणाला, सोमवारी सकाळी पाठवा, आणि मी चिठ्ठी खिशात घातली. साहेबांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं, वर्ष संपायच्या आत वळण पुरं झालं नाही तर उरलेला निधी परत जाईल, सगळ्यांना घरी पाठवावं लागेल. वळणाचा दगड तुझ्या बापाशिवाय कुणाला जमत नव्हता. मी म्हटलं, आठ दिवसांनी देऊ, कारखाना काय पळून जातोय? आमच्या धंद्यात माणूस आठ दिवस उशिरा आला तरी मुकादम दोन शिव्या देतो आणि घमेलं हातात ठेवतो. कारखान्यातही तसंच असेल असं मला वाटलं, शहाणे. वळण झालं, आणि मग मी चिठ्ठी दिली. म्हटलं, आजच आलीय. तो पळत गेला. चपला घातल्या नव्हत्या. तासाभरानं परत आला, म्हणाला, जागा भरली, आणि हातोडा घेऊन कामाला लागला.

एवढंच असतं तर मी ते माझ्याबरोबर नेलं असतं. लिहिण्याचा माझा पिंड नाही. पण गेल्या आठवड्यात तो म्हातारा फोरमन तुझ्या बापाला बघायला आला. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, वाईट वाटतं हो, त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, चिठ्ठी तर आठ दिवसांपूर्वी तुझ्या भावाच्या हातात दिली, मग तू आज कसा? त्यावर तो म्हणाला, दादानं लगेच दिली होती, मीच आळस केला. म्हणजे अकरा वर्षं त्याला माहीत होतं. तुझ्या आईलाही त्यानं सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तो माझ्याकडं चहा प्यायला येत होता. तुझी आई गेली तेव्हा तू सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, तुम्ही बसून खाल्लंत आणि ती राबून मेली. मी तिथंच उभा होतो. तुला काय तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. मला वाटलं, त्याला तुझं बोलणं पटलं. तो मला गप्प राहा म्हणत होता. आता त्याची वाचा गेलीय, तो काही सांगणार नाही, आणि सांगता आलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं. म्हणून मी लिहिलं. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या दाराकडं बघूही नकोस, चालेल. पण तू ये. त्याला ऐकू येतं असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते नाही म्हणाले.

तुझाच, आता तू मानशील तर,
मोठा काका